गाडी अचानक बंद पडते किंवा मिसिंग मारते? क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर आणि कॉइल स्वतः कसं तपासायचं

उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना गाडी एकदम गप्प होते, अर्धा तास बोनेट उघडून ठेवलं की पहिल्या सेल्फला सुरू. किंवा पावसाळ्यात सकाळी पहिली पाच मिनिटं गाडी मिसिंग मारते, म्हणजे थरथरते, चेक लाइट लुकलुकतो आणि इंजिन तापलं की सगळं आपोआप ठीक. अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बऱ्याच वेळा ठरलेला क्रम सुरू होतो, आधी प्लग बदला, मग पेट्रोल पंप बदला, मग थ्रॉटल बॉडी साफ करा, मग शेवटी "साहेब, ईसीएम गेलाय वाटतं", म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. खिसा रिकामा होतो आणि सरतेशेवटी निघतं काय, तर क्रँक सेन्सरची वायर तुटलेली किंवा एका कॉइलचं रबर फाटलेलं. मला याचा खरंच त्रास होतो कारण या तीन गोष्टी तपासायला लाखाची मशीन लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि मोबाइलला जोडता येणारा, बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर एवढ्यावर काम होतं, फक्त कुठल्या क्रमाने बघायचं ते डोक्यात पक्कं हवं.

मी इथे पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांबद्दल लिहितोय. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नवीन बीएस-४ चारचाकींना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट मिळेल आणि स्वस्तातला ईएलएम३२७ स्कॅनर चालेल. डिझेलवाल्यांना कॉइलचा भाग लागू नाही, सेन्सरचा भाग मात्र बराचसा तसाच लागू आहे.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या, कारण हे समजलं की अर्धं निदान गाडीत बसल्या बसल्या होतं.

ईसीएमला पिस्टन दिसत नाही. पिस्टन वर आहे की खाली, किती वेगाने येतोय, हे सगळं त्याला क्रँक सेन्सर सांगतो. क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावर, पुढे पुलीच्या मागे किंवा मागे फ्लायव्हीलजवळ, एक दात असलेली रिंग फिरते आणि तिच्या अगदी जवळ, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास अंतरावर हा सेन्सर बसलेला असतो. बऱ्याच गाड्यांत रिंगवर ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम काढलेले असतात, म्हणजे ५८ दात आणि एक मोकळी जागा. एक दात म्हणजे ६ अंश. मोकळी जागा समोरून गेली की ईसीएमला कळतं की फेरा इथून मोजायचा. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदात आणि एक अंश साधारण ५५ मायक्रोसेकंदात, आणि ठिणगी एक-दोन अंशाच्या हिशोबाने टाकायची असते. एवढ्या बारीक कामात रिंगवर लोखंडाचा चुरा चिकटला किंवा वायरीत मधेच खंड पडला तर काय होत असेल विचार करा.

आता कॅम सेन्सर कशाला? कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण त्यातला एक कॉम्प्रेशनवर असतो आणि दुसरा धूर बाहेर टाकत असतो. एका सायकलला क्रँकचे दोन फेरे म्हणजे ७२० अंश लागतात, कॅमचा मात्र एकच फेरा, म्हणून कुठला पिस्टन कॉम्प्रेशनवर आहे हे फक्त कॅम सांगू शकतो. क्रँक वेळ सांगतो, कॅम नंबर सांगतो.

आणि कॉइल. तिच्यात दोन गुंडाळ्या असतात, प्रायमरीला जाड वायरीचे थोडेच वेढे आणि सेकंडरीला बारीक वायरीचे त्याच्या शंभरेक पट वेढे. ईसीएम प्रायमरीतून काही मिलिसेकंद करंट जाऊ देतो आणि नेमक्या क्षणी तोडतो. करंट तुटला की प्रायमरीतच तीन-चारशे व्होल्टचा झटका तयार होतो आणि सेकंडरीत तो वीस-तीस हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त होतो, तोच प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पाडतो. जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांत एक कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असायचा, मग कॉइल पॅक आणि जाड प्लग वायरी आल्या, आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक प्लगवर स्वतःची उभी कॉइल बसते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो, आणि हीच गोष्ट माहीत नसल्यामुळे लोकांचे पैसे जातात. क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाहीये. मग तो ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पेट्रोल पंपही बंद ठेवतो, कारण अपघातात इंजिन बंद पडलं तर पंप चालू राहून पेट्रोल सांडू नये अशी ती व्यवस्था आहे. चावी ऑन केल्यावर पंप दोन-एक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो, त्यानंतर क्रँकचा सिग्नल आला तरच परत चालतो. म्हणून सेल्फ मारताना पंपाला सप्लाय नाही, म्हणजे पंप किंवा रिले (त्याला करंट देणारा स्विच) गेला, असं म्हणणारा मेकॅनिक घाई करतोय. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गायब असेल तर दोघांना लागणारी सामायिक गोष्ट शोधायची, म्हणजे क्रँक सेन्सर, मेन रिले, ईसीएमचा सप्लाय आणि अर्थिंग, किंवा इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा. दोन्हीपैकी एकच गायब असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यायचं फारसं कारण नाही.

बोनेट उघडायच्या आधी

गाडीत बसा, चावी ऑन करा. चेक लाइट लागतो का? नाही लागला तर ईसीएमलाच सप्लाय नाही, सेन्सर सोडा आणि फ्यूज, मेन रिले बघा. चावीचं चिन्ह लुकलुकतंय का? तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. मग बॅटरी. सेल्फ मारताना बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर पुढची कुठलीही टेस्ट धरू नका, ईसीएम आणि सेन्सर दोघेही कमी व्होल्टेजला भलतंच वागतात.

आता सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा, किंवा स्कॅनर लावून मोबाइलवर आरपीएम बघा, ते जास्त भरवशाचं कारण काही गाड्यांत एवढ्या कमी आरपीएमला मीटरचा काटा हलत नाही. इंजिन नीट फिरत असेल तर दीड-दोनशेच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. सेल्फ जोरात फिरतोय आणि आकडा शून्यावरच चिकटलाय, तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा रिंग यातच काहीतरी आहे. आकडा येतोय पण गाडी उचलत नाही, तर क्रँकचा सिग्नल निदान पोचतोय, मग इतर ठिकाणी शोधा.

चालती गाडी बंद पडत असेल तर तेव्हाही काट्याकडे लक्ष द्या. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं फिरताहेत म्हणजे इंजिनही फिरतंय, आणि तरी काटा धप्पकन शून्यावर पडला तर सिग्नल तुटलाय. तेच काटा गाडीच्या वेगासोबत हळूहळू उतरत असेल तर इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळतंय, फक्त पेट्रोल किंवा ठिणगी कमी पडतेय. ही एक खूण कुठल्याही मशीनपेक्षा पटकन सांगते, फक्त त्या क्षणी बघायचं सुचलं पाहिजे. गाडी बाजूला सुरक्षित घ्यायची आधी, हे वेगळं सांगायला नको.

कोड काढा, पण कोड म्हणजे निकाल नाही. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३३६ त्याच्या सिग्नलमधल्या गडबडीचा, पी०३४० आणि पी०३४१ कॅमचे, पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरला, आणि पी०३५१ ते पी०३५४ कॉइलच्या सर्किटचे. यात "सर्किट" हा शब्द नीट वाचा, सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर, वायर, अर्थिंग आणि ईसीएमची पिन हे सगळं मिळून. कोड आला की लगेच पार्ट मागवणारे बरेच आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा कोड नवीन पार्ट लावूनही परत येतो. अजून एक, गरम झाल्यावर मधेच मरणारा क्रँक सेन्सर कधीकधी एकही कोड टाकत नाही, कारण ईसीएमला वाटतं की इंजिन बंद केलं. कोड नाही म्हणून सेन्सर चांगला असं समजू नका.

क्रँक सेन्सर तपासताना

सेन्सर शोधायला गाडीचं मॅन्युअल किंवा त्याच मॉडेलचा व्हिडिओ बघा, कारण जागा वेगवेगळी असते. काहींना वरूनच हात पोचतो, काहींना गाडी वर उचलावी लागते, आणि उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका, स्टँड लावा.

कनेक्टर काढा आणि आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. आत तेल आहे का, पाणी आहे का, पिनवर हिरवट गंज आहे का, लॉकची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली आहे का. मग वायर मागे जाते तिथपर्यंत बोट फिरवत जा. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात हे मुंबई-पुण्याच्या पार्किंगमधलं रोजचं दुखणं आहे, आणि कुरतडलेली वायर वरून टेप लावलेल्या हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, खालच्या बाजूला असली की दिसतही नाही.

एका टॅक्सीवाल्या दादांची तीन सिलिंडरची सीएनजी गाडी अशीच बंद पडायची, फक्त दुपारी आणि फक्त ट्रॅफिकमध्ये. पंप नवीन, प्लग नवीन, सीएनजीचा फिल्टर नवीन. विचारलं की हे कधीपासून, तर म्हणाले क्लच प्लेट बदलल्यापासून. क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरतो आणि सेन्सरची वायर तिथूनच जाते. खाली बघितलं तर वायर ज्या क्लिपमध्ये अडकवायची ती क्लिप रिकामी होती आणि वायर लोंबून सायलेन्सरच्या पाइपच्या अगदी शेजारी आलेली. बाहेरचं काळं आवरण मऊ होऊन चपटं झालेलं, आतल्या वायरीचं तांबं एका जागी उघडं आणि हिरवं पडलेलं. थंड गाडीत ती वायर पाइपपासून केसभर लांब राहायची, गरम झाली की टेकायची. तेवढा तुकडा कापून सोल्डर करून उष्णता सोसणारी स्लीव्ह घातली, वायर परत क्लिपमध्ये बसवली आणि गाडी बंद पडायची थांबली. सेन्सर अजून तोच आहे. म्हणून कुठलीही गाडी बघताना "याच्या आधी शेवटचं काम काय केलं होतं" हा प्रश्न पहिला विचारा.

वायर चांगली असेल तर मीटर काढा. दोन वायरींचा सेन्सर बहुतेक चुंबक आणि गुंडाळीवाला असतो. त्याच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा, साधारण काहीशे ओहमपासून दीड हजार ओहमपर्यंत कुठेही असू शकतो, नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत तुटलाय, शून्याच्या जवळ दाखवत असेल तर शॉर्ट झालाय. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा, अर्धा ते दोन व्होल्टच्या आसपास काहीतरी तयार झालं पाहिजे. रेझिस्टन्स ठीक पण व्होल्ट जेमतेम, तर गॅप जास्त झालाय किंवा टोकाला चुरा चिकटलाय.

तीन वायरींचा बहुतेक हॉल सेन्सर असतो, त्याच्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला ओहमवर मोजून काही कळत नाही, मोजूही नका. तिथे वेगळं बघायचं. कनेक्टर काढून चावी ऑन करा, हार्नेसच्या बाजूच्या एका पिनवर सप्लाय मिळाला पाहिजे, गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट. दुसरी पिन अर्थिंग, ती तपासायला मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला आणि काळी त्या पिनला लावा, बॅटरीएवढं व्होल्टेज दिसलं पाहिजे. तिसरी सिग्नलची, तिच्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीएमकडून येणारे ५ व्होल्ट दिसतात. यातलं काही नसेल तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही, दोष वायरीत किंवा ईसीएमकडे आहे. सगळं असेल तर चावी बंद करून कनेक्टर परत लावा, मागून बारीक टाचणी सरकवून सिग्नलच्या वायरीवर मीटर लावा, चावी ऑन करा आणि पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन सरळ दिशेने हाताने हळू फिरवा. दात येईल तसं व्होल्टेज ० आणि ५ मध्ये उडी मारलं पाहिजे. एकाच जागी गोठून राहिलं तर सेन्सर गेला, किंवा रिंग. हे करायच्या आधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, कॉइलचे कनेक्टर आणि इंजेक्टरचा फ्यूज काढलेला हवा, नाहीतर हाताने फिरवताना इंजिन झटका देऊ शकतं.

गरम झाल्यावर मरणाऱ्या सेन्सरला थंड असताना मोजून काही हाती लागत नाही, थंडपणी तो साळसूद असतो. तो पकडायचा तर मेल्याबरोबर पकडायचा. गाडी बंद पडली की लगेच स्कॅनर लावून सेल्फ मारा, आरपीएम शून्य आलं तर सेन्सरवर ओलं फडकं दोन-चार मिनिटं धरा, हात भाजणार नाही याची काळजी घेऊन, आणि परत सेल्फ मारा. नुसता सेन्सर थंड केल्यावर आरपीएम आलं आणि गाडी सुरू झाली तर तोच आहे, मग बिनधास्त बदला. घरी उलटं करायचं असेल तर गाडी चालू ठेवून सेन्सरवर हेअर ड्रायर मारा आणि वायर हळू हलवून बघा, बंद पडते का. बेल्ट आणि फॅनपासून हात लांब, रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो.

बदलताना जुन्याच्या टोकावर काय चिकटलंय ते बघा. बारीक काळी पेस्ट असेल तर ती लोखंडाची पूड आहे, ती पुसा आणि सेन्सरचं भोकही चोख साफ करा. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावून बसवा, हातोडीने ठोकू नका, १० नंबरच्या पान्याने बेताने आवळा. काही गाड्यांत नवीन सेन्सर ओळख करून देण्याची प्रोसिजर स्कॅनरमधून करावी लागते, ते आधी विचारून घ्या.

कॅम सेन्सरबद्दल थोडंच

टेस्ट वरच्या तीन वायरीवाल्यासारखीच. लक्षण वेगळं असतं, बऱ्याच गाड्या कॅम सेन्सर गेला तरी चालतात, फक्त सेल्फ नेहमीपेक्षा लांब मारावा लागतो आणि पिकअप मंद वाटतो, कारण ईसीएम अंदाजाने किंवा ठरवून दिलेल्या जुजबी पद्धतीने काम चालवतो.

पी००१६ आला तर मात्र थांबा. हा कोड म्हणतो की क्रँक आणि कॅम दोघेही बोलताहेत पण त्यांचा हिशोब जुळत नाही. इथे दोन्ही सेन्सर बदलून लोक मोकळे होतात आणि कोड जागेवरच. आधी ऑइलची पातळी बघा, ऑइल वेळेवर बदललंय का बघा, व्हीव्हीटीचा, म्हणजे कॅमची वेळ पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेचा, व्हॉल्व्ह चोंदलाय का बघा, आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड येत असेल तर टायमिंग चेन ढिली झालीय का ते तपासून घ्या. चेन दात सोडून गेली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडू शकतात, त्यामुळे हे पुढे ढकलायचं काम नाही.

कॉइल

चेक लाइट नुसता लागलेला असेल तर दोन दिवस थांबता येतं. लुकलुकत असेल तर जोर लावून चालवू नका, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळू शकतो, कन्व्हर्टरची किंमत कॉइलच्या कितीतरी पट आहे.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास खूण. गाडी पेट्रोलवर छान चालते आणि सीएनजीवर चढाला धक्के मारते, की लगेच सीएनजी किटला दोष दिला जातो. पण सीएनजीला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी सीएनजीवरच उघडा पडतो. किटला हात लावायच्या आधी प्लगचा गॅप मोजा. झिजून गॅप वाढला की कॉइलला दरवेळी जास्त व्होल्टेज चढवावं लागतं, ती तापते आणि आतलं इन्सुलेशन फाटतं. नवीन कॉइल लावून प्लग जुनेच ठेवणं म्हणजे नवीन कॉइलही तशीच घालवणं.

कॉइल शोधायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे अदलाबदल, आणि याला पैसे लागत नाहीत. समजा पी०३०१ आलाय. इंजिन बंद, चावी काढलेली, पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड पुसा, गाडी चालवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी, ती बदला. कोड पी०३०१ वरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, आणि तरी हलला नाही तर कॉम्प्रेशन चेक करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

कॉइल वर ओढून काढली की ती हातात घेऊन उजेडात नीट बघा. खालच्या रबराच्या बाहेर तेल आहे का, प्लगच्या विहिरीत तेल साचलंय का? म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा आतल्या रिंगा गेल्यात, तेलाने रबर फुगतं आणि करंट प्लगऐवजी बाजूने इंजिनच्या बॉडीला जातो. पाणी आहे का? बोनेटमध्ये प्रेशरने पाणी मारून धुतल्यावर हे हमखास होतं. मग प्लगचं पांढरं सिरॅमिक बघा. धातूला लागून तांबूस वलय असेल तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. पण वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, आणि रबर उलटं करून आत टॉर्च मारल्यावर तशीच रेघ तिथेही दिसली, तर ठिणगी तिथून वाट काढत होती. ही रेघ पुसून जात नाही. प्लग आणि रबर दोन्ही एकदम बदला, एकच बदललं तर जुन्याची रेघ नव्यावर उतरते. काही कॉइलचं रबर सुटं मिळतं, अख्खी कॉइल घ्यायची गरज पडत नाही, दुकानात विचारा तरी.

मीटरने मोजायचं असेल तर आधी पिना मोजा. दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी साधारण अर्धा ते दोन ओहम आणि सेकंडरी काही हजार ते वीसेक हजार ओहम येते, पण चांगला आकडा आला म्हणून कॉइल चांगली असं होत नाही, मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो आणि कॉइलला हजारोंवर काम करायचं असतं. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये बहुतेक आत स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे करंट चालू-बंद करणारं सर्किट, असतो, तिथे ओहम मोजून काही मिळत नाही. तिथे चावी ऑन करून १२ व्होल्ट आणि अर्थिंग येतंय का ते बघा. आणि हे लक्षात ठेवा की तीन-चार पिनांच्या कॉइलच्या ट्रिगर वायरीला बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तो ईसीएमकडून येणारा नाजूक सिग्नल आहे, बल्ब जास्त करंट ओढतो आणि ईसीएमची पिन जाऊ शकते. मीटर फ्रिक्वेन्सीवर ठेवून सेल्फ मारताना आकडा हलतो का एवढं बघा.

प्लग काढून बॉडीला टेकवून करंट बघायची जुनी पद्धत सगळीकडे चालते. ती मी सुचवत नाही. पहिलं कारण, वीस-तीस हजार व्होल्ट हातात घ्यायची गोष्ट नाही, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना शेजारी ठिणगी पाडणं धोक्याचं आहे. दुसरं, मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते, कॉम्प्रेशनमध्ये दाबाखाली पाडायला कितीतरी जास्त जोर लागतो, म्हणून थकलेली कॉइलही बाहेर छान निळी ठिणगी दाखवते आणि घाटात दगा देते. मोठ्या गॅपचा स्पार्क टेस्टर मिळतो, तो घ्या, इंजेक्टरचा फ्यूज काढा आणि त्याच्यावर बघा. चालू इंजिनवर एकेक कॉइल उपसून कुठला सिलिंडर मरतो ते बघणंही सोडा, मोकळ्या सुटलेल्या करंटने कॉइल किंवा ईसीएमचा ड्रायव्हर जातो.

पावसाळ्यात गळती शोधायची तर रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून कॉइलच्या आसपास पाण्याचा अगदी बारीक फवारा लांबून मारा, जुन्या प्लग वायरीवाल्या गाड्यांत तर निळ्या ठिणग्या किड्यांसारख्या पळताना स्पष्ट दिसतात. फवारा मारताना दुसरा हात गाडीला टेकवू नका.

दुचाकीवाल्यांनो, तुमच्याकडे हेच सगळं छोट्या रूपात आहे. जुन्या सीडीआय (इलेक्ट्रॉनिक डबीतून ठिणगी देणाऱ्या) गाड्यांत मॅग्नेटजवळची पल्सर कॉइल म्हणजे तुमचा क्रँक सेन्सर, गरम झाल्यावर बंद पडायची सवय तिलाही आहे, तिचा रेझिस्टन्स थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा आणि एच टी कॉइलच्या, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या, टोकाची कॅप पावसाळ्याआधी काढून बघा. बीएस-६ फ्युएल इंजेक्शनवाल्या काही गाड्यांत कोड मीटरवरच्या लाइटच्या लुकलुकण्यातून मोजता येतो, तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

पार्ट घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर फोटो काढून न्या, गाडीचं नाव सांगून घेऊ नका कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे दात आणि कनेक्टर बदलतात. सेन्सरच्या बाबतीत डुप्लिकेट घेऊ नका, सिग्नल थोडा इकडेतिकडे झाला तरी गाडी सुरू होते पण सुरळीत चालत नाही, आणि मग परत सगळं शोधणं आलं. बसवल्यावर कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत बिघडत होती त्याच परिस्थितीत चालवा, दुपारी बंद पडायची तर दुपारी, सीएनजीवर चढाला धक्के मारायची तर सीएनजीवर चढाला. कोड परत आला तर पुसायच्या आधी स्कॅनरमधलं फ्रीज फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद, उघडून आरपीएम, इंजिनचं तापमान आणि वेग लिहून घ्या, ऑटो इलेक्ट्रिशियनला हा कागद दिला तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. हायवेवर रोजची गाडी असणाऱ्यांनी कॉइल बदलल्यावर चांगल्या अवस्थेत निघालेली एखादी जुनी कॉइल, चालू अवस्थेतला जुना क्रँक सेन्सर असेल तर तो, आणि १० नंबरचा पाना डिकीत ठेवून द्यावा.